मूळ कापडाची सीट

माझ्याकडे लाल रंगाची आठशे गाडी आहे. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, गेल्या शतकाच्या अगदी शेवटी बनलेली. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नाही, आणि हिवाळ्यात चोक ओढूनही दोनदा नखरे करते. एसी आहे, म्हणजे एसीचं बटण आहे. गावातली माणसं तिला डबा म्हणतात. मला राग येत नाही असं मी सांगतो, पण येतो.

आमच्या सिहोऱ्याच्या भागात कुणी जुनी गाडी पाळत नाही. जुनी गाडी म्हणजे नवी घ्यायची ऐपत नसल्याची खूण, असा इथला साधा हिशोब. पोरांकडे हप्त्यांवरच्या उंच उंच गाड्या आल्यात आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, त्या काचा बंद करून जातात. अशा ठिकाणी एका निवृत्त माणसानं भंगाराच्या वाटेवरची गाडी विकत घेऊन तिचे मूळ बोल्ट शोधत हिंडावं, हे लोकांना वेडेपणाचं वाटतं. बायको गेल्यावर माणूस थोडा सरकतोच, असं एकजण माझ्या पाठीमागे म्हणाला होता. मला ते ऐकू आलं, कारण मी बॉनेटखाली वाकलेलो होतो आणि त्याला फक्त गाडीच दिसली होती.

बायको गेली त्याला चार वर्षं झाली. तीन दिवसांचा ताप आणि चौथ्या दिवशी घर रिकामं. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. मग दोघांनाही पुढचं सुचत नाही.

गाडी मी त्याच वर्षी घेतली. आंधळगावच्या एका कंपाउंडरच्या गोठ्यात ती उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यानं दार उघडलं तेव्हा एक कोंबडी रागानं बाहेर आली, जणू मी तिच्या घरात शिरलो होतो. सीटचं कापड पार फाटलेलं होतं. ही गाडी नवी असताना आम्ही दोघं तुमसरच्या रस्त्यानं तिला जाताना पाहायचो. तेव्हा ती आमच्यासाठी नव्हती. आता ती फक्त कोंबड्यांसाठी उरली होती, म्हणून मला परवडली.

मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. चंचुपात्रावर पाण्याचा एक डाग राहिला तरी मी ते पुन्हा धुवायचो, आणि सर लोक हसायचे. तो स्वभाव निवृत्त होत नाही. दाराचं रबर, मागच्या दिव्याची काच, क्लचची तार, एकेक वस्तू मी नागपूरच्या भंगार बाजारातून वेचून आणली. फोनवर आमच्यासारख्या शौकिनांचा एक ग्रुप आहे. तिथे कुणी वायपरच्या जुन्या पात्याचा फोटो टाकला तर चाळीस माणसं शाबासकी देतात. त्या चाळीसांपैकी एकालाही मी भेटलेलो नाही. तरी सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी मी तो ग्रुप उघडायचो, कारण घरात दुसरं कुणी काही बोलणार नव्हतं.

तेव्हा सीटांवर मी रेक्झिनचे साधे कव्हर घातले होते. काळे, गरम, उन्हात चटके देणारे. मला ते आवडत नसत, पण ओल्या फडक्यानं पुसता येत.

गाडी चालू लागल्यावर प्रश्न आला, जायचं कुठे. माणसाला गाडी लागते कुठे तरी पोहोचायला, आणि मला कुठेच पोहोचायचं नव्हतं. मी उगाच तुमसरला जायचो, एक पावकिलो मिरच्या घ्यायचो आणि परत यायचो. बाजूची सीट रिकामी असायची. वळणावर मिरच्यांची पिशवी तिच्यावरून घरंगळायची.

एका मंगळवारी फाट्यावर आमच्याच गावची एक बाई उभी दिसली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायकांची टोळी तीच जमवते, कुणाच्या बांधीत कधी जायचं ते तीच ठरवते. गावातल्या सगळ्या बायका तिला मोठी बाई म्हणतात. माझ्या बायकोची ती मैत्रीण, दोघी एकाच टोळीतल्या. बस निघून गेली होती आणि तिला दवाखान्यात शुगरच्या गोळ्या आणायला जायचं होतं. मी गाडी थांबवली. ती पुढच्या सीटवर बसली, दार तीनदा आपटून लावलं, आणि मी दात आवळून गप्प बसलो.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, तुमची बायको बेडकाले लय भ्यायची. मला माहीत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. मोठी बाई सांगू लागली, की परे, म्हणजे धानाची रोपं, उपटताना एखादा बेडूक उडाला की ती धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभी राहायची आणि बाकीच्या बायका मुद्दाम बेडूक शोधायच्या. मी इतका हसलो की गिअर चुकला.

त्यानंतर दर मंगळवारी मला तुमसरला काम निघू लागलं. मी नेमका बस गेल्यावर फाट्यावर पोहोचायचो. मोठी बाईसुद्धा, माझा अंदाज आहे, बस मुद्दाम सोडून देत असावी. कधी मागे आणखी दोघी-तिघी बसायच्या. रस्ताभर तिच्याकडून मला माझी बायको थोडी थोडी मिळायची. ती बांधीत गाणी म्हणायची, आणि घरी मी कधी तिचा गाण्याचा सूर ऐकला नव्हता. तुमसरला बाजाराला गेली की जिलेबी खाऊन पदरानं तोंड पुसून यायची. माझी नक्कल करायची, मी चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो त्याची, आणि सगळी टोळी चिखलात बसून हसायची. मंगळवारी रात्री मला चांगली झोप लागायची. खरं सांगायचं तर मी गाडी आता त्या मंगळवारांसाठीच नीट ठेवत होतो, पण ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग जुलैमध्ये मला त्या सीटा सापडल्या. नागपूरला एकाच्या गोदामात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, मूळ राखाडी कापडाच्या, मध्ये निळी रेघ. वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्यावर कुणी बसलं नव्हतं. किंमत ऐकून घाम फुटला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पण मी घेतल्या. दोन दिवस लागले बसवायला. फोटो टाकला, आणि त्या दिवशी चाळीसच्या चाळीस माणसांनी शाबासकी दिली. मी गाडीचं दार उघडं ठेवून अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि त्या सीटांकडे बघत राहिलो. फार एकटं वाटलं, पण ते मी आनंदाच्या खात्यात ढकललं.

पुढच्याच आठवड्यात रोवणीचा जोर होता. मी तुमसरहून परत येत होतो. नहराच्या, कालव्याच्या बाजूच्या रस्त्यावर मोठी बाई आणि आणखी दोन बायका उभ्या दिसल्या. संध्याकाळ होत आली होती, झिमझिम चालू होती, दिवसभर बांधीत वाकून त्या परत निघाल्या होत्या. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. साड्यांचे काठ चिखलात भिजून जड झाले होते. मला पाहून त्यांनी हात केला. हात करायचीही गरज नव्हती, मी थांबणारच होतो.

मी थांबलो. उतरलो. डिकीतून बारदानाची पोती काढली आणि सीटांवर पसरली. तिथवर ठीक होतं, पोत्याचा कुणाला राग येत नाही. पण मग माझ्या तोंडून निघालं, "पाय तेवढे नहरात धुऊन घ्या न, सीट नवी हाये."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.  मोठी बाई नहराच्या पायऱ्या उतरून गेली, पाय चोळून धुतले, पदरानं पुसले आणि येऊन बसली. रस्ता चिखलाचाच होता, नहरापासून गाडीपर्यंत येताना तळवे पुन्हा भरलेच. मग तिनं काय केलं, तर दोन्ही पाय वर धरले. खालच्या चटईला लागू दिले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांची बाई, दिवसभर वाकलेली, आणि चार किलोमीटर ती पाय अधांतरी धरून बसली. राहू द्या, ठेवा पाय, असं मी दोनदा म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या." एवढंच. घर आल्यावर तिनं दार इतकं हलकं लावलं की ते लागलंच नाही. मी नंतर उतरून लावलं.

पुढच्या मंगळवारी ती फाट्यावर होती. मी थांबलो तर म्हणाली, बस येऊन राहिली, तुम्ही जा. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. बाकीच्या बायकाही मला पाहून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघू लागल्या. कुणी भांडलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. रामराम चालूच होता. पण मला माझी बायको मिळायची बंद झाली.

मी मनात तिच्याशी भांडलो. म्हटलं, एवढं काय झालं? पाय धुवायलाच सांगितलं ना? मंदिरात धुतो, घरात धुतो. सीटला चिखल लागला तर तो निघत नाही, हे कुणाला समजावू? ग्रुपवर मी हा प्रसंग थोडा गंमत म्हणून लिहिला, तर एकानं लिहिलं, बरोबर केलंत, लोकांना किंमत नसते. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मी फोन पालथा ठेवला आणि चहा करायला गेलो, तर दोघांचा चहा केला.

गणपती झाले, दसरा झाला. मी राखाडी सीटांवर पुन्हा ते काळं रेक्झिन चढवलं. कुणी पाहिलं नाही. दिवाळीनंतर धान कापणीला आलं आणि वाटेवर सगळीकडे तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास यायला लागला. मी मंगळवारी फाट्यावरून जायचो, वेग कमी करायचो, आणि बसायला कुणी येत नसल्यानं पुढे जायचो. आपण भीक मागतोय असं वाटायचं. तरी कमी करायचो.

त्या दिवशी बस आलीच नाही. कुठे तरी बंद पडली होती म्हणे. फाट्यावर मोठी बाई एकटी होती, पायांत स्लीपर, ऊन कडक. मी थांबलो आणि दार आतून उघडलं. ती क्षणभर रस्त्याकडे पाहत राहिली. मग बसली. रेक्झिनवर हात फिरवून तिनं माझ्याकडे पाहिलं. दार जोरात आपटून लावलं, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मी म्हणालो, "माझं चुकलं, बाई. तुमाले तसं म्हणायले नोको होतं."

ती म्हणाली, "मले राग नाही आला, भाऊजी. मले तिची आठवण आली."

मला कळेना. मी गाडी चालवत राहिलो. मग तिनं सांगितलं, आणि तोवरच्या सगळ्या गोष्टींसारखंच सांगितलं, हसत, माझ्याकडे न बघता. माझी नोकरी नवी होती आणि मी स्कूटर घेतली होती, तेव्हाची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी शेताच्या रस्त्यानं यायचो आणि बायकोला हाक द्यायचो, चल, बस. ती धुऱ्यावरून हात हलवून सांगायची, तुम्ही चला, मी येतो मांगून. मी निघून जायचो. ती तीन किलोमीटर पायी यायची, रोवणीचा पूर्ण हंगाम, दरवर्षी. मोठी बाई तिला विचारायची, अवं, काहून जात नाहीस गाडीवर?

"तं ती म्हणे, माह्या पायाचा चिखल गाडीले लागला का त्यायचं तोंड उतरते. बोलत काही नाहीत. नुसतं फडकं घेऊन पुसत बसतात. त्यापेक्षा चाललेलं बरं." मोठ्या बाईनं पदर सावरला. "रागानं नोको समजा. ती हसूनच सांगे."

तुमसर आलं. दवाखान्यासमोर ती उतरली आणि परत जाताना थांबा म्हणाली. मी सावलीत गाडी लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो.

बायकोच्या तेरवीला आलेली माणसं ती कशी होती असं विचारत होती, तेव्हा मी एकेकाला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की आमच्या हिला पायी चालायची फार आवड होती.