थोरलीच्या चाळीस नळ्या

माझ्या थोरल्या मुलीचा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. लहानपणी अंग तापलं की थर्मामीटर आधी माझ्या काखेत लावायची. तो बरोबर दाखवतोय अशी खात्री पटली की मग स्वतःला. तोवर ताप कंटाळून निघून जायचा.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा माझ्या सासूबाई विसरायला लागल्या. मला विचारायच्या, "अहो बाई, तुमचं घर कुठे?" थोरलीला वाटलं, आजी नाटक करतेय. खरंखोटं करायला तिने आजीचा चष्मा आजीच्याच उशीखाली ठेवला आणि दाराआडून बघत राहिली. सासूबाईंनी उशी उचलली, चष्मा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "हे काय असतं?" त्या दिवशी थोरली जेवली नाही. पुढे ती काय शिकणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी तिसरी पास बाई. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

ती जीवरसायनाची शास्त्रज्ञ झाली. तिचं काम तिने मला समजावलं ते असं. मेंदूला चरबी लागते. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिला पाठीवर घेऊन इकडून तिकडे नेणारी प्रथिनं असतात. मी त्यांना हमाल म्हणते. आधी ती चिडायची, आता स्वतःही म्हणते. थोरलीने मणक्यातून काढलेल्या पाण्यात हे हमाल मोजले आणि दाखवून दिलं की विसरण्याच्या आजारात ते एक तृतीयांशाने कमी होतात. आजारी माणसांचं पाणी मेंदूच्या दवाखान्यातून यायचं. धडधाकट माणसांचं हाडांच्या दवाखान्यातून, कारण तिथे पायाच्या ऑपरेशनला भूल द्यायला पाठीत सुई टोचतातच. बारा वर्षं हेच काम. तिचं नाव झालं, विद्यार्थी आले, कोपऱ्यातली खोली मिळाली. जावई म्हणायचे, घरात माझ्यापेक्षा हमालांचं जास्त चालतं.

मग दूरच्या एका लॅबने लिहिलं की आम्हाला असा फरक काही सापडत नाही. थोरली म्हणाली, त्यांचे हात गचाळ असतील. वर्षभराने तिच्याच हाताखालच्या लांबूने तपासणी पुन्हा केली आणि त्यालाही फरक सापडला नाही.

लांबू म्हणजे ताडमाड उंच, चाळिशीचा घोडा, नऊ वर्षं तिच्याकडे. मला आजी म्हणतो. त्याला ती "अरे ए" म्हणून हाक मारायची. त्या दिवसापासून "अहो" म्हणायला लागली. आमच्या घरात रागाने बोललेलं चालतं, पण थोरलीने आपल्या माणसाला अहो-जाहो सुरू केलं की समजावं, त्याच्यामागे तपास लागला.

लागलाच. तो परिषदेत त्या दूरच्या लॅबच्या सरांबरोबर जेवला. ती खोलीत आली की टेबलाचा खण ढकलून बंद करतो. फ्रीझरची किल्ली परत करताना तिच्याकडे बघत नाही. रोज जेवताना आम्हाला एकेक पुरावा वाढला जायचा. तिला वाटत होतं, तो तिचं काम मुद्दाम नासवतोय, म्हणजे तिची खोली आणि तिची जागा त्याला मिळेल. जावई म्हणाले, अगं, सरळ विचार ना त्याला. तर म्हणे, चोराला विचारून चोरी कळते का?

शेवटी तिने ठरवलं की सगळं स्वतःच्या हाताने, पहिल्यापासून करायचं. वीस आजारी, वीस धडधाकट, सगळ्यांचं नवीन पाणी. कुठलं कुणाचं हे मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून दोन्ही दवाखान्यांना आपल्या लॅबच्याच एकसारख्या नळ्या पाठवल्या. आता त्यांच्यावर खुणेचे स्टिकर लावणारं कुणीतरी हवं होतं. लॅबमधल्या एकाही माणसावर तिचा भरवसा नव्हता.

"आई, तू चल," म्हणाली. "तुला त्यातलं काही कळत नाही, हेच बरं आहे."

असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. मी गेले. पांढरा कोट घातला, तो पायात येत होता. वाडग्यातून आकड्याची चिठ्ठी काढायची, नळीवरचं नाव वहीत त्या आकड्यापुढे लिहायचं, मग तो आकडा त्या नावावरच चिकटवायचा. चाळीस वेळा. सगळं करायला दुपार गेली. वही मी घरी आणून माझ्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. थोरलीने तीन आठवडे मोजणी केली.

एका रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर तिचे कागद आणि माझी वही शेजारी शेजारी मांडली. बोट फिरवत खाली गेली, पुन्हा वरून खाली आली. फरक नव्हता. आजारी आणि धडधाकट, हमाल सगळ्यांकडे सारखेच.

वही मिटली. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "आई, आज वार कोणता गं?"

माझ्या लक्षात आलं. लांबू तर या नळ्यांच्या आसपासही फिरकला नव्हता. उरले कोण, तर मी.

"विचारायचं तर सरळ विचार," मी म्हटलं. "आडून कशाला?"

"तुझी गल्लत झाली असेल. एखादी चिठ्ठी इकडची तिकडे."

"एका चिठ्ठीने एवढं सगळं जातं का?"

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. दाराआडून बघायची तेव्हाची नजर मी पाहिली नव्हती, पण ती अशीच असणार. मी रागावले खरी, पण दिवसभर माझंच मन मला खाऊ लागलं. गॅस बंद केलाय का ते चार वेळा पाहिलं. नातवंडांचे वाढदिवस बोटांवर मोजले. सगळे आठवले, तरी वाटत राहिलं, विसरलेल्या माणसाला आपण विसरलोय हे कळतं थोडंच?

सोमवारी ती मला पुन्हा लॅबमध्ये घेऊन गेली. स्टिकर सोलून, नळ्यांवरची मूळ नावं वहीशी ताडून बघायची होती. एकेक करत चाळीसच्या चाळीस जुळली. माझ्या जिवात जीव आला आणि तिचा गेला. पाठमोरी उभी राहून ती सोललेले स्टिकर गोळा करत होती.

लांबू दारात होता. किती वेळ ते ठाऊक नाही. आत आला, आपला खण उघडला आणि दोन रिकाम्या नळ्या तिच्यापुढे ठेवल्या. एक दुधी, एक काचेसारखी लख्ख.

तो म्हणाला, "ही दुधी हाडांच्या दवाखान्याची. ही लख्ख मेंदूच्या दवाखान्याची. दोन्ही प्लॅस्टिक, पण वेगळं. या लख्ख ट्यूबच्या भिंतीला प्रथिन चिकटून बसतं. मी पुन्हा तपासलं ते पाणी दोन्हीकडून आपल्याच ट्यूबमध्ये आलं होतं, म्हणून फरक दिसला नाही. मग जुन्या ट्यूब साबणासारख्या द्रावाने धुऊन ते पाणी मोजलं. कमी पडलेलं सगळं तिथे होतं, मॅडम."

म्हणजे हमाल कुठे गेलेच नव्हते. भिंतीला टेकून बसले होते. आणि थोरलीने बारा वर्षं आजार म्हणून नळ्यांमधला फरक मोजला होता.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"पाच महिने झाले."

"मग बोलला का नाहीत?"

लांबूने माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुम्ही मला अहो म्हणत होता. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, ट्यूबला काहीतरी मीच लावलं."

ती नाही म्हणाली नाही. खोटं तिला बोलता येत नाही, एवढं मात्र खरं.

त्या आठवड्यात तिने पत्र लिहिलं, जिथे तिचं काम छापून आलं होतं त्या सगळ्यांना. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, तो मागे घेतो, चूक कशी झाली ती सोबत लिहिली आहे. लांबूचं नाव आपल्या नावाच्या वर घातलं. कोपऱ्यातली खोली बहुतेक जाणार होती, विद्यार्थीही पांगणार होते. पत्र कॉम्प्युटरवर तयार होतं, बटण दाबायचं बाकी होतं. मी बाजूला भाजी निवडत बसले होते.

मला राहवेना. मी विचारलं, "लांबूला काही कळलं नसतं, मलाही नसतं, तुला एकटीलाच कळलं असतं, तर पाठवलं असतंस?"

मला वाटलं होतं, चिडेल. ती चिडली नाही. माझा प्रश्न तिने दुसऱ्या कुणाचा तपास करावा तसा नीट उलटापालटा करून पाहिला.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली.

मग तिने बटण दाबलं, आणि माझ्या हातातली अर्धी जुडी ओढून घेऊन निवडायला बसली.