शक्तिमानची पुढची सीट

हडपसरच्या मळ्याभोवती आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, तरी नागोरावांचा जीव चिंचेखालच्या शक्तिमान ट्रकात. लष्करी लिलावातून आणलेला. फौजेत असाच ट्रक त्यांनी उभी जवानी चालवला होता. तेव्हा बायकोनं, मुक्ताईनं, हौसेनं चढायला पाय उचलला, तर ओरडले होते, "उतर! सरकारी गाडी हाय."

खंडेनवमीला इंजिन खोकत खोकत सुरू झालं. डिझेलच्या त्या वासानं म्हातारा पुन्हा वर्दीत गेला. मुक्ताईनं ठेवणीतलं लुगडं नेसून बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि ती पुढच्या सीटवर चढून बसली.

नागोरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "उतर! सरकारी गाडी हाय."

"सरकारनं कवाच भंगारात काढली तिला," मुक्ताई पदर खोचत म्हणाली, "आन तुमालाबी. चालवा आता."