ढोपरभर पाण्यातली मुलाखत

वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी दुसऱ्याच्या पाठीवर बसून होडीतून उतरत होतो. पाय धड होते, पोहता येत होतं, कॉलेजात व्हॉलीबॉलच्या टीममध्ये राखीव का होईना पण होतो. तरीही. हे खाली मान घालून सांगायला हवं. पण सांगताना मला अजून थोडं बरंच वाटतं, तेवढं आधीच कबूल करून टाकतो.

आमचं घर खाडीच्या अलीकडे आणि जमीन पलीकडच्या गावात. देवबागच्या अंगाला जी खाडी समुद्राला मिळते, तिचाच वरचा भाग. तेव्हा धक्का-बिक्का काही नव्हता. ओहोटीला तरीची होडी काठापासून वीस-पंचवीस पावलांवर चिखलात टेकायची. बाकीची माणसं धोतर-लुगडं वर खोचून, चपला हातात घेऊन खाली उड्या टाकायची. आम्ही मात्र बसून राहायचो, कारण आम्ही खोत, जमिनीचे मालक. आमची जमीन कसणारं कूळ पाण्यात येऊन आमच्याकडे पाठ करून किंचित वाकायचं, आणि आम्ही त्याच्या गळ्याभोवती हात टाकायचो.

याला वेठ म्हणत. म्हणजे कुळानं खोताकडे फुकट करून द्यायची कामं. घरावरचे नळे परतणं, लाकडं फोडणं, दगडी गडगा घालणं, आणि त्याच यादीत खोताचे पाय कोरडे ठेवणं. वडील वजनदार होते, त्यांना दोघंजण हातांची खुर्ची करून नेत. वडील त्या खुर्चीत बसून होडीत सुरू केलेलं बोलणं पुढे चालू ठेवत. मी लहान होतो तेव्हा आमच्या कुळाचे दोन्ही कान लगामासारखे धरत असे. डावा ओढला की तो डावीकडे वळायचा. आता लिहिताना त्यांना ‘ते’ म्हणावंसं वाटतं, पण वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला मी तेव्हा ‘अरे’ म्हणायचो. म्हणून इथेही ‘तो’च ठेवतो. चूक धुऊन-पुसून मांडली तर ती माझी वाटणार नाही.

त्या सवारीची आठवण मात्र गोड आहे, काय करू? त्याच्या मानेला खोबरेल आणि विडीचा वास यायचा. खाली पाण्यात कालवांच्या शिंपल्या कराकरा वाजायच्या. त्या त्याच्या पायाला लागत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी वरून खेकडे मोजत असे.

मग कूळकायदा आला. वडील लांब कोट घालून मालवणच्या कचेरीत गेले. साहेबांनी शुद्ध मराठीत विचारलं, “जमीन आपण स्वतः कसता?”

“देखरेख करतो,” वडील म्हणाले.

“कुठून?”

“घरून.”

एवढ्यावर निकाल लागला. जमीन ज्यानं कसली त्याच्या नावावर झाली. वडील घरी येऊन कोट खुंटीला लावून बसले, तो कोट पुन्हा त्यांनी घातला नाही. दोन वर्षांनी गेले. कूळ आमच्याकडे यायचं थांबलं, ते कायद्यानं बरोबरच होतं. मी तेव्हा मुंबईत एका ऑफिसात कारकून होतो. तिथे मी एका गिऱ्हाइकाला लिहिलेलं खरमरीत पत्र साहेबांच्या सासऱ्यांच्या पाकिटात घातलं आणि अकराव्या महिन्यात गावी परतलो.

घरात आता आई, मी आणि परसातले चार माड. बेळगावचा मामा लिहीत होता की घराला कुलूप लावा आणि इकडे या, दोघांची सोय होईल. लग्न होऊन आली तेव्हापासून आईनं त्या घराबाहेर सलग आठ दिवस काढले नव्हते. तिनं पत्र वाचलं की त्या दिवशी ती ओटी दोनदा सारवायची. तेवढ्यात कळलं की पलीकडच्या गावात नवी इंग्रजी शाळा निघते आहे आणि कमिटीला मास्तर हवा आहे. ही नोकरी मिळाली तर आई घरात राहणार, नाहीतर बेळगाव. माझ्या इंटर पास असण्यावर एवढा भार पहिल्यांदाच पडला होता, आणि तो पेलण्याइतकी ती इंटर मजबूत नव्हती. दुसऱ्या खेपेची होती.

मुलाखतीच्या दिवशी एकुलती एक पांढरी पँट आईनं पेजेची खळ घालून पुठ्ठ्यासारखी केली होती. कॅनव्हासच्या बुटांना मी खडू फासला. ओहोटी होती. होडीत मी, होडीवाला आणि मालवणहून आलेला शाळेचा काळा फळा.

होडी टेकली. आणि पाहतो तर पाण्यात आमचं कूळ उभं! धोतर वर खोचलेलं, मिशी पिकलेली. मला पाहून त्यानं मान हलवली. “इलंस?” म्हणाला. मग माझ्याकडे पाठ केली आणि वाकला.

माझा ऊर भरून आला. कायदे होवोत नाहीतर न होवोत, म्हटलं, माणुसकी अजून आहे. मी हात गळ्यात टाकले आणि बसलो.

तोही उठला आणि चालू लागला. “जड झालंस रे,” एवढंच म्हणाला. आठ-दहा पावलं आम्ही अगदी जुन्यासारखे गेलो. मी खाली पाहून खेकडासुद्धा शोधला.

मागून होडीवाला ओरडला, “अरे, फळो हय रवलो! तू खोताक घेवन खंय चल्लंस?”

तो थांबला. तेव्हा मला कळलं की तो फळा घ्यायला आला होता आणि फळ्यासाठी वाकला होता. होडीवाला फळा उचलून देणार, तेवढ्यात कुळाच्या पाठीवर मी. आणि पाठीला ते वजन इतकं ओळखीचं, की तिनं धन्याला न विचारताच मला उचललं.

त्याची मान तापल्यासारखी लाल झालेली मला अगदी जवळून दिसत होती.

“उतर,” तो म्हणाला.

“हय? अरे, पाणी आसा.”

“माका दिसता.”

मी उतरलो. पाणी ढोपरभर होतं. पँटीची खळ सुटून पुन्हा पेज झाली. खालच्या शिंपल्यांनी कॅनव्हास फाडून माझ्या टाचेची चौकशी केली. होडीवाला हसता हसता वल्ह्यावर आडवा झाला. आमच्या कुळानं माघारी जाऊन फळा घेतला, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही शाळेच्या वाटेला लागलो. तो पुढे, मी मागे.

इथे तरी गप्प बसावं की नाही? पण अवघड झालं की मला बोलायची सवय. म्हटलं, “कमिटीत कोण कोण आसत रे? अडाणीच असतले म्हणा.”

“एक तर अगदीच अडाणी आसा,” तो मागे न बघता म्हणाला. “सही करूक लागलो की लोकांची चाय पिवन होता.”

“तेका कसो पटवचो?”

“कठीण आसा. शाळा तेच्या जमनीत आसा मां.”

शाळा म्हणजे नवीन चिऱ्यांची लांब पडवी. फळा भिंतीला टेकवून तो आत गेला. मला हाक आली तेव्हा पाचजण खुर्च्यांवर बसले होते, आणि पाचवा तो. धोतर बदललेलं, वर टोपी. ज्याला मी आमच्या पायरीखेरीज कुठे बसलेला पाहिला नव्हता, तो खुर्चीत मागे टेकून बसला होता. ती जमीन म्हणजे आमचाच जुना माळ. त्याच्या नावावर झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं तो शाळेला दिला होता. माझ्या पँटीतून पाणी गळत होतं आणि जमिनीवर तळं साठत होतं.

अध्यक्ष दुकानदार होते. रोज मालवणीत तराजू धरणारे, पण आज मुलाखत म्हणून शुद्ध बोलत होते. “आपण अध्यापनाचा अनुभव काय तो कथन करावा.” मी कथन केलं, म्हणजे नाही असं सांगितलं. एका निवृत्त मास्तरांनी नद्या विचारल्या, त्या आल्या. मग अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, “माजी नात हय शिकतली. गणित अडला तर ती तुमच्या घराक येतली. ती खंय बसतली?”

ओटीवर, आत, माझ्या शेजारी, कुठलंही चांगलं उत्तर देता आलं असतं. मुंबई पाहिलेला माणूस मी. पण तोंडातून आधी आईच आली: “आवशीक इचारूक होया.”

चौघं खदखदून हसले. तो हसला नाही. “मगे इचार,” म्हणाला. “बेस्तरवारी येवन सांग.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, पाठीवरचा भाग सोडून. तो तिला होडीवाल्याकडून आधीच कळला होता. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. एवढी मोठी बाई, पण तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कुठल्याही कोर्टानं नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर म्हणाली, “बसांदे खंयय तां. पण पाय धुवन ये म्हणान सांग.”

गुरुवारी मी कमिटीपुढे हे जसंच्या तसं ठेवलं. या खेपेला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आलो होतो. अध्यक्ष म्हणाले, “जे अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.” तीन हात वर गेले. त्याचा नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा तो म्हणाला, “वरसभर बघतलंय. हात खंय पळान जाणा नाय.”

तीन विरुद्ध दोन. नोकरी लागली. मामाला आईनं स्वतः पत्र लिहिलं, दोन ओळींचं, आणि त्या दिवशी ओटी सारवली नाही.

आषाढात त्याची नात आली. होडीतून उतरून चिखलातून चालत, दप्तर डोक्यावर. पायरीशी थांबली, कारण कुणीतरी तिला थांबायला शिकवलं असणार.

“पाय धुलंस?” आई आतून.

“धुलंय.”

“मगे भितर ये गो. भायर काय भिजतंस?”

पोर आत आली. इकडेतिकडे बघितलं आणि समोर दिसली त्या वडिलांच्या आरामखुर्चीत जाऊन बसली. वडील गेल्यापासून त्या खुर्चीत मीसुद्धा बसलो नव्हतो. मी आईकडे पाहिलं. आईचा हात पदराला लागला, तिथेच राहिला. मग ती मला म्हणाली, “तू उबो काय रवलंस? खाली बस आणि तेका गणित घाल.”

मी खाली बसलो. व्यवहारी अपूर्णांक होते. माझं एक चुकलं, पोरीनं ते दाखवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडे उतरलो तेव्हा तो माडाला आळं करत होता. मला बघून कुदळ टेकली आणि नातीचं विचारलं.

“चेडू खंय बसलां?”

“बाबांच्या खुर्चयेत.”

त्यानं खाडीकडे बघितलं. मग कुदळ पुन्हा उचलत म्हणाला, “पडात रे तां! त्या खुर्चयेचो डावो हात सुटलेलो आसा. दोनदा मीच बांधून दिलेलंय.”