शांतम्माचं तंबीट

आमच्या बालशाळेचं पत्रक दर महिन्याला पालकांच्या मोबाइलवर जातं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आहे. ऑक्टोबरच्या पत्रकाचं नाव मुख्याध्यापिका मॅडमनी ठरवलं, 'ऑटम न्यूज'. कडेला लाल-पिवळी पानं. सोलापुरात ऑक्टोबरात रुमाल पिळायची वेळ येते आणि शाळेच्या दारातला कडुलिंब हिरवागार असतो, पण पत्रकात पानगळ झालीच पाहिजे. वर्ग सजवायला शांतम्मा तीन दिवस कार्डशीटची लाल पानं कापत बसली. ही कुठल्या झाडाची, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

शांतम्मा म्हणजे शाळेतली मावशी. साठ पोरांची नाकं पुसणं, शी-शू, डबे उघडून देणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, सगळं तिच्याकडे. मूळची कर्नाटकच्या वेशीवरच्या मैंदर्गीची. रडणाऱ्या पोराला ती कन्नडात काहीतरी पुटपुटते आणि पोर मराठी असो की तेलुगू, गप्प होतं. आम्ही शिकलेल्या बायका टाळ्या वाजवून आणि गाणी म्हणून दमतो. मला याचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते.

जूनमध्ये तिची नात शिवलीला लहान गटात आली. मुलगा बसवेश टेंभुर्णीला ट्रकवर, सून कपड्याच्या कारखान्यात शिलाईला, त्यामुळे पोर आजीच्याच अंगावर वाढलेली. मॅडमनी प्रवेश दिला, पण अट घातली. शाळेत नातं नको, पोरीनं सगळ्यांसारखं मावशीच म्हणायचं. बाकीच्या पालकांना कळलं तर त्यांना बरं वाटणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. का बरं वाटणार नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

शांतम्मानं ती अट जरा जास्तच मनावर घेतली. पोरीनं 'आज्जी' म्हणून हाक मारली की ही ओ द्यायची नाही. एकदा पोरगी अंगणात पडली, गुडघा फुटला. 'आज्जी, आज्जी' करून रडत होती तोवर ही बाई फरशी पुसत राहिली. 'मावशी' म्हणाली तेव्हा उचललं. मी डोळ्यांनी पाहिलंय. महिनाभरात पोरगी तयार झाली. घरातली एकही गोष्ट शाळेत बोलायची नाही.

मग आजी-आजोबा दिवस आला. नवरात्रातला भोंडला आणि हा दिवस मॅडमनी एकत्र केला. प्रत्येक मुलानं एक आजी किंवा आजोबा आणावेत, असं सप्टेंबरच्या पत्रकात मीच लिहिलं. शिवलीलाची दुसरी आजी दुधनीला अंथरुणाला खिळलेली. पत्रक गेलं त्या दुपारी शांतम्मा माझ्याकडे आली.

"बाई, एक फेर मला पोरीशेजारी हुबं ऱ्हाऊ द्या म्हनावं की मॅडमना. काम समदं आदी उरकते मी."

मी विचारलं. म्हणजे दारातून, निघता निघता विचारलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, पण तिचं मन राखायला खिरापत तिला करू दे. मी बरं म्हणून बाहेर आले.

भोंडल्यात गाणी संपली की खिरापतीचा झाकलेला डबा येतो. आत काय आहे ते मुलांनी ओळखायचं, मगच झाकण काढायचं. शांतम्मानं त्यात आपला बेत बसवला. तिनं तंबीट केलं, म्हणजे भाजक्या डाळ्याचं पीठ, गूळ, सुकं खोबरं आणि वेलदोडा घालून वळलेले लाडू. तिच्या गावाकडे पंचमीला घरोघरी असतात, पण शहरातल्या पोरांना ठाऊक नाहीत. शिवलीलाचा त्यावर जीव. आदल्या दिवशी घरी पोरीला समोर बसवून लाडू वळले. त्यातले चार सुपारीएवढे, पोरीच्या हातचे. पोरगी ओळखणार आणि आपण होऊन म्हणणार, हे माझ्या आज्जीनं केलंय. पोरानंच म्हटलं तर आपण अट मोडली असं कोण म्हणेल? सकाळी डबा ठेवताना हे सगळं तिनं मला सांगितलं. ठेवणीतली इरकल नेसली होती.

पाटावरचा हत्तीही तिनंच काढला. सगळ्यांनी फेर धरला. प्रत्येक पोराचा हात कुणा ना कुणा सुरकुतलेल्या हातात होता. शिवलीलाचा हात मी धरला. तिच्या खऱ्या आजीनं भिंतीला टेकून तीन गाणी बघितली.

मग डबा घेऊन शांतम्मा फिरायला लागली. पोरं म्हणाली पॉपकॉर्न, काजूकतली, चिप्स, पिझ्झा. शिवलीलापुढे ती थांबली आणि झाकण बोटभर उचललं. गूळ-वेलदोड्याचा वास मलाही आला. पोरीचा चेहरा फुलला, ते मला स्पष्ट दिसलं. मग तिनं मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. शांतम्मा जागची हलेना.

"सांग की," ती हळूच म्हणाली.

"म्हाईत न्हाय, मावशी."

मॅडमनी डबा घेतला आणि झाकण काढून टाकलं. एका मुलाचे आजोबा, सिद्धलिंगप्पा, लाडू तोंडात टाकताच म्हणाले की हे तर तंबीट, आईनंतर आज खातोय, कुणी केलं? आमच्या शाळेच्या किचनमध्ये केलं, मॅडम म्हणाल्या. मी शेजारी उभी होते. मला तोंड होतं. मी त्या तोंडात लाडू घातला.

शाळा सुटल्यावर मी गाडी काढत होते. शांतम्मा पोरीला घेऊन फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी होती.

"तुला वळकूच आलं न्हाय व्हय?"

"आलं की. माजं बारकं लाडू बी हुतं त्यात."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तूच म्हनलीस की. घरातलं शाळेत सांगायचं न्हाय."

शांतम्मा खाली बसली. पोरीचे दोन्ही हात धरून म्हणाली, आता शाळा सुटली, आता मला आज्जी म्हण. एकदा तरी म्हण. पोरीनं मागे वळून फाटक बघितलं. मग मला बघितलं. आणि मान हलवून नाही म्हटलं.

मी गाडी चालू करून निघून गेले. थांबायला हवं होतं, निदान पोरीनं बघितलं तेव्हा पाठ तरी फिरवायला हवी होती.

संध्याकाळी ऑक्टोबरचं पत्रक लिहिलं. नातवंडं आणि आजी-आजोबा आनंदात रंगले, कुणाचीही आजी आल्यावाचून राहिली नाही, वगैरे. शेवटी लिहिलं, 'खिरापत मात्र एकाही मुलाला ओळखता आली नाही!' मॅडमना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी त्याच्यापुढे एक लाल पान लावलं आणि पत्रक सगळ्या पालकांना पाठवून दिलं.