चर्च लेनवरची पाटीवाली

हेझल प्राइकच्या मनगटात जोर होता तो टर्की कापून आलेला. एकोणीस वर्षं तिनं कारखान्यात उभ्याने पक्षी साफ केले. कारखाना बंद पडला तेव्हा ती अठ्ठावन्नची होती. इंग्लंडातल्या आमच्या सफकच्या किनाऱ्यावर त्या वयाच्या बाईला काम म्हणजे शहरवाल्यांच्या सुट्टीच्या घरांतली न्हाणीघरं घासणं. म्हणून केबलवाल्या कंपनीनं चर्च लेनवर उभं राहायला माणूस मागितला, तशी ती गेली. काम साधं. उंच दांड्यावर गोल पाटी. एका बाजूला लाल ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला हिरवं ‘जा’. लेन एका गाडीपुरती, त्यामुळे खडीचे ट्रक यायचे तेव्हा बाकीच्यांना थोपवायचं.

गाव मात्र पेटलेलं होतं. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या विजेची केबल आमच्याच पुळणीखालून वर येणार आणि तिच्यासाठी पुढे शेतांतून आठ मैल चर खणणार. आमचा कडा वाळूचा, दर हिवाळ्यात थोडा ढासळतो. ऑब्री स्मायच्या बहिणीचं घर असंच खाली गेलं, टबासकट. ऑब्री म्हणजे बचावनौकेचा जुना तांडेल. त्यानं समुद्रातून अकरा माणसं जिवंत काढली होती. त्यांतला एक हेझलचा भाऊ कॉलिन. ऑब्री बोलायला लागला की गाव गप्प बसायचं.

फेब्रुवारीत गावच्या हॉलमध्ये सभा झाली. ऑब्री म्हणाला, “हे खाली भोकं पाडणार आणि वर आपण झोपायचं! आपल्यातला जो कोणी यांना वाट करून देईल, तो आपला नव्हे.”

सगळ्यांच्या माना हेझलकडे वळल्या. ती कामावरून तशीच आली होती, पिवळं जाकीट अंगावर.

“माझ्याकडे काय बघता?” ती म्हणाली. “वीज कुठूनतरी यायचीच. तुमच्या किटल्या काय प्रार्थनेवर उकळतात?”

कॉलिन तिच्या शेजारीच होता. “कंपनीची कुत्री झालीस गं तू,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हेझलनं बसल्या जागेवरून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. समोरचा दात तुटला, शर्ट लाल झाला. मग खुर्च्या उडाल्या. कंपनीच्या तरुण इंजिनिअरला दोघांनी त्याच्याच नकाशाच्या फळीवर आपटलं. माझ्या कोपराला काहीतरी लागलं. कुणी मारलं ते कळलं नाही, कारण मीही तेव्हा एकीचे केस धरले होते.

लेनच्या तोंडाशी मासे-बटाटे तळायचं दुकान आहे ते माझं. केबल मलाही नको होती. त्या सभेनंतर मी हेझलला मासे देणं बंद केलं. मागे तेलात तुकडे चरचरत असताना “संपले” म्हणायचे.

“खोटं बोलताना कान लाल होतात तुझे, ब्रेंडा,” ती एकदा म्हणाली, आणि मग आलीच नाही. तिच्या दारावर कुणीतरी मेलेला सीगल खिळ्यानं ठोकला. खिडकीतून वीट आली. तिनं भोकावर पुठ्ठा लावला आणि सकाळी सातला पाटी घेऊन उभी राहिली.

ऑब्री लाल पाटीला थांबत नसे. रोज आपली जुनी जीप हळूहळू पुढे रेटायचा, बंपर तिच्या गुडघ्यांना टेकेपर्यंत. ती शिवी हासडून बाजूला व्हायची. एप्रिलमधल्या एका सकाळी मात्र झाली नाही. मी खिडकीशी बटाटे सोलत होते.

“हट!” ऑब्री ओरडला.

“लाल आहे. वरून ट्रक येतोय.”

“माझ्या बापाच्या आधीपासूनची लेन आहे ही. हट म्हणतो ना!”

“नाही हटत जा.”

जीप झेपावली. हेझल खाली गेली आणि पुढचं चाक तिच्या मांडीवर चढलं. ती किंचाळली, आणि पडल्या पडल्या तिनं दांडा फिरवून त्याच्या दाराची काच फोडली. ऑब्री उतरला, गाल कापलेला. त्यानं तिच्या पायाकडे पाहिलं. रक्त उसळत होतं. त्याचे हात जणू आपोआप कामाला लागले. कमरेचा पट्टा काढून त्यानं मांडी आवळली आणि रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टर पुढे म्हणाले, तो पट्टा नसता तर बाई वाचली नसती. पट्टा आवळता आवळता तो तिच्या कानाशी काय बोलला, ते तिनं नंतर सांगितलं: “तू घसरलीस. कळलं? घसरलीस.”

पोलिसांना मी सांगितलं, मी मागच्या खोलीत होते.

हेझलनं मात्र इस्पितळातल्या पलंगावरूनच सांगितलं, त्यानं मुद्दाम घातली गाडी. तिचा शब्द एकीकडे, ऑब्रीचा दुसरीकडे. कॉलिन तिला समजवायला गेला.

“घसरले म्हण ना. त्यानं मला समुद्रातून काढलंय, हेझल.”

“तुला काढलं ना? मग तू फेड. माझा पाय कशाला?”

जुलैत पुन्हा सभा झाली. ऑब्री व्यासपीठावर चढला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दारातून कुबड्यांचा आवाज आला. हेझल मधल्या वाटेनं सरळ पुढे गेली.

“ऑब्री, सांग सगळ्यांना. मी घसरले?”

“घसरलीस.”

मी कशी उभी राहिले, मला आजही सांगता येत नाही. “नाही घसरली,” मी म्हणाले. “मी बघितलंय, खिडकीतून.”

मागून “गद्दार!” अशी आरोळी आली आणि पाठोपाठ चहाचा कप. भुवई फाटली. डोळ्यात रक्त उतरलं, काही दिसेना, पण ऑब्रीचा आवाज ऐकू आला. “मग हटली का नाही ती? रोज हटत होती! त्याच दिवशी का नाही हटली?”

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं खुर्ची उचलून टेबलावर घातली, पुन्हा घातली, तुकडे होईपर्यंत घालत राहिला. तिघांनी धरलं तेव्हा थांबला.

इप्सविचच्या कोर्टानं त्याला चौदा महिने दिले. पुढच्या शरद ऋतूत केबल पुळणीखालून खोल आली. वरून कुणाला काही दिसलंसुद्धा नाही. त्या हिवाळ्यात कडा नेहमीइतकाच ढासळला. माझ्या दुकानाची काच दोनदा फुटली. कॉलिन बहिणीशी अजून बोलत नाही.

अर्धी शिक्षा भोगून ऑब्री सात महिन्यांनी सुटला. पबात त्याचं स्वागत झालं, गाणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी हेझल आपल्या पायरीवर मटार सोलत बसली होती, मी तिच्याशेजारी. तो लेननं आला आणि फाटकाशी थांबला. मी टोपली घट्ट धरली.

“पाय?” त्यानं विचारलं.

“आखूड झालाय.”

“किती?”

“दोन बोटं.”

तो आल्या वाटेनं परत फिरला. तेव्हापासून तो पाव आणायला लेन सोडून कड्यावरच्या वाटेनं वळसा घालून जातो. तिकडे चढ आहे, त्याला दम लागतो, तरी तिकडूनच जातो.