बॉयलरमधला भाऊ

भूत बघितलेली माणसं तुम्हाला ढीगभर भेटतील. पण वाफेच्या झडपेला सख्खा भाऊ समजणारा कुणी भेटलाय? नाही ना? मग चहा घ्या, आणि माझ्याकडे नीट बघा!

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. नंदुरबारच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माझा थोरला भाऊ बॉयलर सांभाळायचा. पावसाळ्यात तापानं गेला. दिवाळीनंतर जिन सुरू झालं, तेव्हा बॉयलर माझ्या हाती आला.

पहिल्याच सकाळी वरची झडप ओरडली, 'सूऽऽऽ!'

वाफ फार झाली की सोडायची, एवढंच त्या झडपेचं काम. पण दाबाचा काटा तर निम्म्यावरही नव्हता! माझ्या अंगावर मात्र काटा आला. भाऊ दमला की अगदी असाच सुस्कारा टाकायचा हो!

मग काय! मी रोज बॉयलरला रामराम घालू लागलो. धानोऱ्याच्या मामाची म्हैस व्याली, तेसुद्धा सांगितलं. झडप म्हणायची, 'सूऽऽ'. झालं, भाऊ खूश!

एवढ्यावर थांबावं की नाही? मी घरी जाऊन वहिनीला सांगितलं. भाऊ गेल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी पदर सावरत ती बॉयलरसमोर येऊन उभी राहिली.

'सूऽऽऽ!'

"काय म्हनी ऱ्हायनात?" तिनं हळूच विचारलं.

"तुम्ही जेवतस नही, म्हनीसन रागवनात," मी ठोकून दिलं.

त्या दिवशी ती जेवली हो! मग रोज यायची, बॉयलरशी दोन शब्द बोलून जायची.

पण जिनचा मालक शेठ कावला. लाकडं जळतात आणि वाफ वाया जाते! त्यानं सुरतेहून फिटर आणला. फिटरनं झडप खोलून आतली स्प्रिंग काढली.

मी हात जोडले. "साहेब, ही नका बदलू. हिच्यात माझा भाऊ आहे."

त्यानं ती जुनी स्प्रिंग माझ्या हातात ठेवली. मग समजावू लागला, "अरे, पोलाद कडक असतं ते आतल्या कर्बाच्या बारीक कणांमुळे. वर्षानुवर्षं धग लागली की ते कण एकत्र होऊन जाडे होतात आणि पोलाद मऊ पडतं. हिच्यात बळ राहिलं नाही, म्हणून झडप लवकर उघडते. भाऊबिऊ काही नाही!"

नवी स्प्रिंग बसली. झडप गप्प. माझ्यापुरता भाऊ त्या दिवशी पुन्हा गेला.

सकाळी वहिनी आली. बराच वेळ वर बघत उभी राहिली. "आज बोलतस नहीत?"

मला बघवेना. लाकडं आणतो म्हणून बॉयलरमागे गेलो, गाल फुगवले आणि सगळा जीव एकवटून केलं, 'सूऽऽऽ!' वाफेपेक्षा थुंकीच जास्त उडाली!

 पलीकडून वहिनीचा आवाज आला. हसत होती की रडत होती, देव जाणे.

"भाऊजी, बाहेर या. त्यास्ना आवाज मी वळखस. झडपना आवाज पहिलेपासून त्यास्ना नव्हता. तुम्ही एकला वाफसंगे बोली बोली येडा व्हई जाशात, म्हनीसन मी रोज येत व्हती!"