अद्रकीच्या वावराचा नकाशा

“ये क्या है, हवालदार?” कॅप्टनसाहेबांनी एक पत्र माझ्यापुढं सरकवलं.

चौकोन, बाण, एक ते सहा आकडे. खाली मराठीत लिहिलेलं: ‘आधी तीन नंबर उघड, मग पाच बंद कर. उशीर करू नको.’

सीमेवर गोळीबार सुरू होता. सगळ्यांचे मोबाईल जमा केलेले. त्यामुळं कॅम्पातली पोरं पत्रं लिहायला बसली होती, काही तर जन्मात पहिल्यांदा. जागा, युनिट, हत्यारं यातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक पत्र आधी वाचलं जायचं. यालाच सेन्सॉर म्हणतात. मी युनिटचा क्लार्क, गाव छत्रपती संभाजीनगर, म्हणून मराठी पत्रं माझ्याकडं.

हे पत्र शिपाई रामेश्वरचं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्याकडचा पोरगा, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. साहेबांना तो आमच्या चौक्यांचा नकाशा वाटला. तसं ठरलं असतं तर त्याच्यावर चौकशी बसली असती.

मी त्याला बोलावलं. त्या दिवशी त्याची ड्यूटी लंगरमध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात होती. कणकेच्या हातांनीच पळत आला.

“काय काढलंस हे?”

“अद्रकीचं वावर हाय, सर. हे ठिबकचं पाणी सोडायचे वॉल. घरी मीना एकटीच पाणी देती, तिला गोंधळ नको म्हणून...”

मी साहेबांना हिंदीत सांगितलं. ते हसले नाहीत. “कैसे मानूँ?”

रामेश्वरनं पेन घेतला. विहीर, मोटर, वावराचा उतार, कोणता वॉल कोणत्या बेडला, सगळं घडाघडा सांगितलं. साहेब हरियाणातल्या शेतकऱ्याच्या घरचे. ते कागदावर वाकले. “अरे, पहले ऊपर वाला खोलो!”

“नहीं साहब, प्रेशर नहीं आता!”

सावधानमध्ये उभं राहून साहेबांशी वाद घालणारा शिपाई मी नोकरीत तेवढा एकच पाहिला.

चौकशी टळली. पण नियम तो नियम. चित्र जाणार नाही, शब्दांत लिही, असा हुकूम झाला. रामेश्वरनं दोन पानं भरून वॉलच लिहिले.

तीन आठवड्यांनी मीनाचं उत्तर आलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. मग त्यानं ते माझ्याच हातात दिलं.

‘वॉलचं मला समजतं. तुम्ही गेल्यापासून मीच पाणी देते. अद्रक गुडघ्याच्या वर गेली. दोन पानं लिहिलीत, पण जेवता का, झोपता का, याची एक ओळ नाय. आई रोज इचारतात. मी काय सांगू त्यांना?’

“सर,” तो खाली बघत म्हणाला, “जेवणाचं लिहिलेलं चालतं का?”

“चालतं की.”

मग त्यानं लिहिलं. लंगरमध्ये करपवलेल्या पुऱ्या, सिगडीवर वाळत घातलेले अन् जळालेले मोजे, आणि भाकरी शिकताना पीठच संपवणारा त्याचा पंजाबी दोस्त. वाचताना मला मोठ्यानं हसू आलं. साहेबांनी मान वर केली.

“इसमें क्या है?”

“खाना, साहब. सिर्फ खाना.”

पत्रात काय लिहायचं नाही, याची यादी आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी दिली होती. काय लिहायचं ते मीनाकडून कळलं. रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगत राहिलो: पहिली ओळ जेवणाची लिही, बाकीचं मी वाचून बघतो.